चासीचा जोड

३ जून १९९६, सोमवार

व्हॅन आली. ह्यांनी स्वतः देवनहळ्ळीहून चालवत आणली. गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न. आमची रेणू जेवता जेवता उठली आणि खरकट्या हाताने बाहेर पळाली.

पांढरी आहे. सीटना आंबूस वास. विकणारा नंजप्पा हिच्यातून द्राक्षं बाजारात आणायचा म्हणे. मी ओवाळलं, नारळ फोडला. नारळ चांगला निघाला.

फॅक्टरीने दिलेलं सगळं ह्या डब्यात गेलं. मार्चमध्ये इन्स्पेक्शनमधल्या निम्म्या लोकांना ‘स्वखुशीने’ घरी पाठवलं, त्यात हे. तेव्हापासून रोज सकाळी दाढी करून, कपडे करून, पेपर घेऊन बसायचे. मला ते बघवत नव्हतं. आमच्या राजाजीनगरची मुलं मल्लेश्वरमच्या शाळेत न्यायची-आणायची, ही कल्पना माझी. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांचीच मुलं. मीच एकेकीला विचारलं. सगळ्या लगेच हो म्हणाल्या. ‘वसंतराव असतील तर काळजी नाही,’ असं पद्मा म्हणाली.

१० जून, सोमवार

शाळा सुरू. पहिला दिवस. आठ मुलं आणि आमची रे. (रेणू). सगळ्यात लहान पद्माची पल्लवी, पहिलीतली. पल्लवी हसत चढली, पद्मा गेटपाशी डोळे पुसत होती.

ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फॅक्टरीत जाताना घालायचे तसाच, खिशाला पेन. किती दिवसांनी.

सरकतं दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं. संध्याकाळी म्हणाले, ‘तिसरा गिअर स्वल्प सुटतो.’ स्वल्प! सांगलीचा माणूस, माझ्या माहेरच्यांसारखं कन्नड मिसळून बोलायला लागलाय. हसले मी.

१४ जून, शुक्रवार

स्वल्प नाही. चांगला सुटतो. गुडघ्याने दाबून धरावा लागतो. रे. करून दाखवत होती, बाबा कसे वाकडे बसून गाडी चालवतात ते. हेही हसले, पण अंघोळीला लगेच उठून गेले.

डो.दु. (डोकं दुखणं. रोज पूर्ण लिहायचा कंटाळा.)

२१ जून, शुक्रवार

आज सिग्नलपाशी पाणी उकळलं. बॉनेटमधून वाफ. मुलांना उतरवून फुटपाथवरून शाळेपर्यंत चालवत नेलं, दोन्ही हातांना दोन लहान, बाकीची मागे रांगेत. पहिला तास बुडाला. हेडमिस्ट्रेसनी फक्त घड्याळाकडे बघितलं म्हणे.

घरी आल्यावर कोपरापर्यंत काळे हात. माझा नवा साबण संपवला.

२६ जून, बुधवार

गिअरबॉक्स उतरवून गॅरेजमध्ये. तीन दिवस मुलं रिक्षाने. एका रिक्षात सगळी मावत नाहीत, म्हणून हे दोन फेऱ्या करतात, स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकत. ‘आयांना सांगायचं नाही,’ असं मुलांना बजावलं. मुलांनी अर्थातच सांगितलं. पद्मा म्हणाली, ‘जुनी गाडी घेतली की सुरुवातीला असं होतंच, अक्का.’ चांगली आहे बाई.

अण्णा (माझा भाऊ) आला होता. व्हॅनभोवती एक चक्कर मारली, ‘कुणाला दाखवून घेतली होती काय?’ विचारलं. हे म्हणाले, ‘मलाच.’ अण्णा चहा न घेता गेला.

४ जुलै, गुरुवार

गिअर आता ठीक. नवीन तक्रार: गाडी डावीकडे ओढते. स्टीअरिंग सोडलं की सरळ फुटपाथकडे. पुढचं टायर आतल्या बाजूने तासल्यासारखं झिजलंय. चाकं सरळ करून देणाऱ्या दुकानात नेली. त्याने दोनदा लावून बघितलं आणि हात झाडले. ‘आगल्ला सार्.’ होणार नाही. का होणार नाही, ते त्याने सांगितलं की नाही, माहीत नाही.

७ जुलै, रविवार

सकाळपासून गाडीखाली. गोणपाट अंथरून, हँडलॅम्प घेऊन. चहा घेऊन गेले तर नुसते पाय दिसत होते. ‘काय झालंय?’

‘काही नाही.’

‘मग एवढा वेळ काय बघताय?’

‘चहा ठेव तिथे.’

ठेवला. नंतर बघितलं तर तसाच, वर पान पडलेलं.

१४ जुलै, रविवार

पहाटेच देवनहळ्ळीला गेले. मला वाटलं आज भांडण होणार. होऊ दे, एकदा काय ते होऊन जाऊ दे. दुपारी परतले, हातात द्राक्षांची करंडी.

‘हे काय?’

‘त्याने दिली.’

रे. ला द्राक्षं देऊन बाहेर पाठवलं आणि मग सांगितलं. गाडीची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) मधोमध तुटलेली आहे. कधीतरी तुटली आणि जोडली. वर काळा रंग. विकत घेतली त्या दिवशी नंजप्पाच्या अंगणात घोटाभर चिखल होता, म्हणून हे खाली शिरले नाहीत. इंजिन ऐकलं, चालवून बघितली आणि घेतली.

‘मग सांगितलंत का त्याला? तोंडावर?’

‘ओसरीवर त्याचा मुलगा बसला होता. पंचविशीचा असेल. एक पाय गुडघ्याखाली नाही. मी काही विचारायच्या आत त्यानेच व्हॅनकडे बोट दाखवलं. म्हणाला, ई गाडीच, हीच, सार्. लॉरीने मागून ठोकलं.’

नंजप्पाने बसवलं, कॉफी दिली, पोराच्या पायाचं सांगत बसला. हे ऐकत बसले. निघताना करंडी दिली, ती घेतली.

मी त्या पोराचाच विचार करतेय. आणि आपल्या मुलांचा. आत बसतात ती.

द्राक्षं गोड होती. मी नाही खाल्ली.

१८ जुलै, गुरुवार

जोड तोडून नवीन करून घेतला. वेल्डिंगवाल्याच्या डोक्याशी दोन दिवस उभे होते. आत जाड पट्टी टाकून घेतली म्हणे. ‘आता पहिल्यापेक्षा घट्ट आहे,’ असं जेवताना दोनदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मुलं पुन्हा रिक्षाने. एक कमी झालं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला स्वतःच सोडायचं ठरवलं. कारण दिलं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

बरं चाललंय. लिहायला काही नाही म्हणून लिहिलं नव्हतं. गाडी थोडी डावीकडे जाते, पण हे सांभाळतात. पाऊस रोज. सरकतं दार एकदा निखळून हातात आलं, तेही बसवलं. मुलांनी गाडीला ‘अज्जी’ नाव ठेवलंय. अज्जी खोकते, अज्जी दमली. सकाळी ह्यांची शीळ ऐकू येते, पुष्कळ दिवसांनी.

श्रावण तोंडावर आलाय. ब्लाउज खूप आलेत.

२० ऑगस्ट, मंगळवार

रे. ने जेवताना सहज सांगितलं. मल्लेश्वरमच्या उतारावर बाबांनी ब्रेक दाबला तर पाय खालीच गेला. मग हँडब्रेक इतक्या जोरात ओढला की सगळी एकमेकांच्या अंगावर. पल्लवीचा डबा सांडला, सगळीकडे चित्रान्न, दिवसभर बुटांत भात. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ताटात बघून जेवत होते.

नंतर म्हणाले, ‘ब्रेक ऑइल गळत होतं. सील बदललं. संपलं ते.’

‘मला का नाही सांगितलं?’

‘तू काय केलं असतंस?’

खरंच, काय केलं असतं. डो.दु.

१ सप्टेंबर, रविवार

आज जे बघितलं ते लिहायचं की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं.

हे गाडीखाली होते. रे. ला अण्णाकडे पाठवायचं होतं, विचारायला गेले. वाकले. हँडलॅम्प पेटलेला होता, म्हणून मलाही दिसलं. नवीन जोडाच्या कडेने बारीक चीर. केसासारखी. आणि ह्यांच्या हातात ब्रश, बाजूला काळ्या रंगाचा डबा. अर्ध्या चिरेवर रंग लावून झाला होता.

मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

‘रंग कशाला?’

‘गंज धरू नये म्हणून.’

मी तिथेच उकिडवी बसलेली.

ह्याच माणसाने फॅक्टरीत एका केसाएवढ्या चिरेसाठी अख्खा माल परत पाठवला होता. साहेब घरी आला होता समजवायला, आमच्या ह्या पुढच्या खोलीत बसला होता, मी पोहे केले होते. वसंतराव, इतकं काय, कुणाच्या डोळ्यांना दिसणार आहे. हे म्हणाले होते, मला दिसलं. ती गोष्ट मी माहेरी किती वेळा सांगितली असेल.

‘पुन्हा जोडून घ्या,’ मी म्हणाले.

‘जोड धरत नाही तिथे. लोखंडच दमलंय.’

‘मग?’

‘मग काय? उद्या सोमवार आहे.’

ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

२ सप्टेंबर, सोमवार

रे. ला आज शाळेत पाठवलं नाही. अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. ह्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. हात जरा जास्त वेळ ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि किल्ली घेऊन गेले.

दिवसभर मशीनवर. उजवी बाही डाव्या बाजूला जोडली, उसवली, पुन्हा तीच चूक. रस्त्यावर कुठे मोठा आवाज झाला की पायडलवरचा पाय थांबायचा.

साडेचारला हॉर्न ऐकू आला तेव्हा रडू आलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

आजही ठेवली. रे. वैतागली. ‘मला काही झालेलं नाही, आई. तूच आजारी आहेस.’

माझी घरात. लोकांची गाडीत. हे मी दोन दिवस करतेय. काल जेवले, झोपले, सकाळी दूध तापवलं, आणि लोकांची गाडीत.

ह्यांना दुपारी म्हटलं, ‘बंद करा. आपण दुसरं काहीतरी बघू.’

‘दुसरं काय? सांग ना. बेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय?’ मग आवाज उतरला. ‘दसऱ्याची सुट्टी लागेपर्यंत. हळू चालवतो मी. तुला माहितेय मी कसा चालवतो.’

माहितेय. हळू चालवतात. मुलं चढली की एकेकाचं दप्तर स्वतः आत ठेवतात. पल्लवीला दाराजवळ बसू देत नाहीत. हे सगळं माहितेय मला.

४ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

पद्मा गौरीसाठीच्या ब्लाउजचं माप बघायला आली होती. आरशासमोर उभी, एक बाही टाचलेली, माझ्या तोंडात टाचण्या. बोलत होती ती. पल्लवीला गाडी किती आवडते, अंकल गाणं म्हणायला लावतात, रविवारी पण शाळा असायला हवी म्हणते. मी टाचण्या तोंडातून काढल्या आणि तळहातावर घेऊन उभी राहिले.

‘पद्मा, उद्यापासून पल्लवीला गाडीतून पाठवू नको.’

‘याके? का हो अक्का?’

सांगितलं. जोडाचं, चिरेचं, ब्रेकचं. रंगाचंही. रंगाचं सांगायला नको होतं. पण अर्धं सांगितलं असतं तर तिने पाठवलं असतं.

ती आरशातूनच माझ्याकडे बघत होती.

‘रेणू दोन दिवस शाळेत नाही, ती यासाठीच?’

मी हो म्हणाले.

‘अय्यो,’ म्हणाली. एवढंच. टाचलेल्या ब्लाउजवरच पदर घेतला आणि निघाली. टाचण्या लागतील, मी मागून म्हणाले. थांबली नाही.

ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. संध्याकाळी येतानाच म्हणाले, आज गाडी अगदी छान चालली. रे. साठी चिक्की आणली होती.

नाही सांगितलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नेहमीच्या वेळेला गेले. आणि अर्ध्या तासात परत. गाडी रिकामी.

इंजिन बंद केलं. उतरले नाहीत. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. स्टीअरिंगवर दोन्ही हात, समोर बघत. शेजारच्या काकूंनी काही विचारलं, त्यांना मान हलवून उत्तर दिलं. दूधवाला गेला. पेपरवाला गेला. तरी बसून.

आत आले, चपला काढल्या, हातपाय धुतले. मग म्हणाले, ‘पद्माच्या नवऱ्याने सांगितलं मला. रस्त्यावर, बाकीच्यांच्या समोर. म्हणाला, तुमच्या मिसेसनीच सांगितलंय.’

मी काहीतरी बोलायला गेले.

‘मला सांगायचं होतंस आधी. दारोदार हॉर्न वाजवत फिरलो मी.’

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ सप्टेंबर, सोमवार

रे. बसने शाळेत जाते. तिला वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं. काय, ते सांगत नाही. बाबांशेजारी जाऊन बसते संध्याकाळी. माझ्याशी फटकून.

पद्माने धाकट्या जावेला पाठवून ब्लाउज नेला. शुक्रवारी तिने तो तसाच टाचलेला परत पाठवला होता, मी रात्री पुरा करून ठेवला होता. जाऊ बाहेरच उभी राहिली.

१६ सप्टेंबर, सोमवार

गणपती आले. आरती ह्यांनीच म्हटली. अण्णा, वहिनी सगळे होते. सगळ्यांसमोर ‘शैला, कापूर दे’ म्हणाले. बारा दिवसांत माझं नाव पहिल्यांदा घेतलं.

अण्णाने बाजूला घेऊन विचारलं, ‘मुलं का बंद झाली?’ मी म्हणाले, गाडी वारंवार बिघडते म्हणून. हे ऐकत होते.

२९ सप्टेंबर, रविवार

पेपरात जाहिरात दिलीय. व्हॅन विकणे आहे, स्थिती उत्तम. ‘स्थिती उत्तम’ हे दोन शब्द मी पेपरातच वाचले. गाडी धुऊन काढली. सीटना नवीन कव्हरं हवीत म्हणाले. मी शिवून दिली. नाही म्हणता आलं असतं. शिवून दिली.

६ ऑक्टोबर, रविवार

एक जण आला गाडी बघायला. नितीन नाव, नागपूरचा, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत लागून वर्षही झालं नाही. बायको सोबत, सातवा महिना असेल. आईवडील येणार आहेत नागपूरहून, बाळंतपणाला. सगळ्यांना घेऊन फिरायला मोठी गाडी हवी. दारावरची आमची मराठी पाटी वाचून इतका आनंद त्याला. ‘काका, बरं झालं बुवा. इथे भाषाच कळत नाही, कोण कसं फसवेल सांगता येत नाही. मराठी घर बघितलं अन् टेन्शनच गेलं.’

हे त्याला चक्कर मारून घेऊन आले. इंजिन सुरेख वाजतं आता. वाजणारच, महिनाभर दुसरं केलंय काय. बायको आत चढून बसली, दोन्ही हात पोटावर, कव्हरं छान आहेत म्हणाली.

मी पोहे दिले. कॉफी दिली. हे गिअरबद्दल बोलले, रेडिएटरबद्दल बोलले, टायर नवीन आहेत ते सांगितलं. मी दारात उभी. आत्ता सांगतील. आत्ता सांगतील.

ठरलं. पुढच्या रविवारी येऊन नेणार.

ते गेल्यावर आम्ही दोघं एकाच खोलीत. मला वाटलं, मी काही बोलावं याची वाट बघतायत. की न बोलण्याची? मला ह्या वेळी बोलता येणार नाही. दुसऱ्यांदा नाही होणार माझ्याच्याने. मी असं लिहितेय आणि डोळ्यांसमोर तिचे ते पोटावरचे दोन हात येतायत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

डो.दु. तीन दिवस. ह्यांनी स्वतः भात लावला, रे. ला डबा दिला. दारात उभं राहून ‘डॉक्टरकडे जायचं का?’ विचारलं. मी नको म्हणाले.

१३ ऑक्टोबर, रविवार

नितीन आणि बायको आले. तिने गाडीला घालायला हार आणला होता, डब्यात पेढे.

हे गोणपाट घेऊन बाहेर गेले. मला वाटलं काही पुसायचं असेल. गाडीखाली अंथरलं. ‘ये, आत ये,’ म्हणाले त्याला.

‘कुठे काका?’

‘खाली. माझ्याबरोबर.’

तो हसला, मग ह्यांचं तोंड बघून हसू थांबलं. चांगली पॅन्ट होती त्याची. तसाच आडवा झाला. दोघांचे चार पाय बाहेर. स्क्रूड्रायव्हरने खरवडल्याचा आवाज आला, बराच वेळ. त्याची बायको माझ्याकडे बघायला लागली. मी तिला बसायला खुर्ची आणून दिली.

ह्यांचा आवाज: ‘बोट फिरव इथून. लागतंय?’

त्याचं काही ऐकू आलं नाही.

‘तुटलेली आहे. जोडली, परत तुटली. आणि वरून रंग लावला मी.’

बाहेर आला तेव्हा केसांत माती. झटकली नाही. ‘काका, मागच्या रविवारी का नाही सांगितलंत?’

हे गोणपाटाची घडी घालत होते.

‘मी आईबाबांना फोन करून सांगितलं, गाडी घेतली म्हणून.’ असं म्हणाला तो. रागाने नाही. लहान मुलासारखं. बायकोने त्याचा हात धरला. जाताना पेढ्यांचा डबा परत नेला नाही, हार पण राहिला. हाक मारली मी, मागे बघितलं नाही.

हे आत येऊन अंघोळीला गेले. नळ किती वेळ चालू होता. आत काय चाललं होतं, मी ऐकायला गेले नाही. जायला हवं होतं का?

२० ऑक्टोबर, आयुधपूजा

गल्लीत सगळ्या गाड्या सजल्या. केळीचे खांब, झेंडू, ऊद. चाकांखाली लिंबं. कुंकू भरलेले कोहळे फोडून रस्ता नुसता लाल. आमची तशीच उभी. शेजारच्या काकूंनी विचारलं, गाडीला पूजा नाही? हे म्हणाले, ह्या वर्षी नाही.

सकाळी उठले तेव्हा माझं मशीन पुसून ठेवलेलं. तेल घातलेलं. हळदकुंकू, एक शेवंती. रे. ने पाया पडायला लावलं आम्हां दोघांना, एकदम. पडलो.

भंगारवाला परवा येऊन बघून गेला. इंजिन वेगळं नेतो म्हणाला, बाकीचं वजनावर. हे म्हणाले, कळवतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

ह्यांना राजाजीनगरमधल्याच एका छोट्या कारखान्यात बोलावलंय, बुधवारी. माल तपासायचं काम. मिळेल की नाही, सांगता येत नाही. मालक पोरगेला आहे, म्हणाला, आमच्याकडे फार कडक नको हं, सार्. हे घरी येऊन सांगताना हसले, पण नीट हसले नाहीत.

दुपारी मी काजं करत बसले होते. रे. शेजारी खेळायला. हे समोर येऊन जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. तसे कधी बसत नाहीत.

म्हणाले, ‘एक विचारू?’

‘विचारा.’

‘त्या दिवशी तू पद्माला सांगितलं नसतंस तर मी थांबलो असतो, असं वाटतं तुला?’

हातातलं काज अर्धं होतं. मी ते पुरं केलं. दोरा तोडला. ते बघत होते, घाई करत नव्हते. मी वर बघितलं. केस किती पांढरे झालेत, कधी झाले.

हो म्हणायला काय लागतं. एक शब्द. त्यांनी तो घेतला असता, खरा असो-नसो, आणि बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले असते. पण ती चीर, तो ब्रश. ‘उद्या सोमवार आहे.’ आणि मग गाडीखालून आलेला तो आवाज, ‘बोट फिरव इथून.’ तोही त्यांचाच.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘मलाही.’

पुढे काही झालं नाही. मी दुसरं काज घेतलं. ते तिथेच बसले, तयार झालेल्या ब्लाउजांच्या घड्या घालत. चुकीच्या घातल्या सगळ्या. नंतर मी परत घालेन. आत्ता आतल्या खोलीत झोपलेत, दुपारचे, कधी नव्हे ते.